न खाल्लेली साखर

रात्री साडेदहाला ११८, सकाळी सहाला १४६. मधल्या साडेसात तासांत पाण्याशिवाय पोटात काहीही गेलं नव्हतं. ग्लुकोमीटर बिघडला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, तिसऱ्या दिवशी बोट बदलून तपासलं. आकडे थोडे मागंपुढं झाले, पण चाल तीच. रात्री कमी, सकाळी जास्त. कराडच्या एका पतसंस्थेत मी २५ वर्षं हिशेब लिहितोय. जमा नसताना शिल्लक वाढली की कुठंतरी एक नोंद राहून गेलेली असते, हे अंगवळणी पडलंय. ही नोंद मात्र काही केल्या सापडत नव्हती.

ती सापडली पाच वर्षांपूर्वीच्या एका रिपोर्टमध्ये, अगदी शेवटच्या ओळीत.

२०१८ च्या पावसाळ्यात मला मूतखडा झाला होता. रात्री दोन वाजता कंबरेतून कळ उठली, सकाळी सोनोग्राफी केली. उजव्या बाजूला पाच मिलिमीटरचा खडा निघाला. रिपोर्टच्या तळाशी दोन निष्कर्ष होते. पहिला खड्याचा. दुसरा, ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. मी विचारलं, हे काय आहे? उत्तर मिळालं, “ग्रेड वन आजकाल सगळ्यांनाच असतं. तेलकट कमी खा.” तीन आठवड्यांत खडा पडला, दुखणं थांबलं, आणि फाईल लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात गेली. साखर तपासून घ्या असं मला कुणी म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही. खरं तर घरात साखर होती. माझ्या वडिलांना १८ वर्षं मधुमेह होता. शेवटी शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला, ड्रेसिंग मीच करायचो. मधुमेहाची धास्ती मला लहानपणापासून होती. पण लिव्हरचा आणि त्याचा काही संबंध असेल हे स्वप्नातही आलं नाही. माझ्या डोक्यात लिव्हरचा आजार म्हणजे दारू. आमचं घर वारकऱ्यांचं, वडील माळकरी, मीही २२ व्या वर्षी माळ घातली. मग लिव्हरची काळजी मी कशाला करायची?

२०२३ चा मार्च एंड नेहमीसारखाच गेला. रात्री अकरापर्यंत ऑफिस, दिवसाला सहा-सात चहा, सोबत खारी नाहीतर बिस्किटं, घरी आल्यावर मोठं ताट भरून आमटी-भात. एप्रिलमध्ये जरा श्वास घ्यायला मिळाला तेव्हा लक्षात आलं, रात्री तीन-तीनदा उठावं लागतंय आणि घसा सतत कोरडा पडतोय. तपासणी केली. उपाशीपोटी १४८, जेवणानंतर २२६. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ७.८ टक्के. ती ५.७ च्या खाली असायला हवी, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, आणि ६.५ पासून पुढं मधुमेह. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, झेरॉक्स केलेला डाएटचा कागद दिला. मी तो अक्षरशः पाळला. गोड बंद, बटाटा बंद, रात्री वाटीभर मुगाची आमटी आणि अर्धी भाकरी. आणि तरीही सकाळचा आकडा खाली येईना. काहीच न खाता ही साखर येते कुठून, या प्रश्नानं मला हैराण केलं होतं.

थोरली बहीण पुण्यात असते. तिनं हट्ट धरला म्हणून मे महिन्यात पुण्याला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी वजन घेतलं, ७१ किलो. उंची १७० सेंटिमीटर. मग टेप घेऊन बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजला, ९६ सेंटिमीटर. आजवर कुणी माझं पोट मोजलं नव्हतं. मी म्हणालो, “डॉक्टर, मी काही जाड नाही.” हातपाय माझे बारीकच आहेत, लग्नातला सदरा खांद्याला अजून बसतो. ते म्हणाले, “तेच तर. तुमची चरबी दिसेल अशा ठिकाणी नाहीये.” मग त्यांनी विचारलं, याआधी कधी पोटाची सोनोग्राफी झालीय का. मी नाही म्हणणार तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, खडा झाला होता ना तेव्हा!” आणि तिनं पिशवीतून ती जुनी फाईल काढली. निघताना कपाटातले सगळेच कागद तिनं उचलले होते. डॉक्टरांनी ती शेवटची ओळ वाचली, पेननं तिच्याखाली रेघ मारली आणि कागद माझ्याकडं वळवला. “मधुमेह तुम्हाला गेल्या महिन्यात झालेला नाही. त्याची तयारी इथं चाललेली दिसतेय.”

मग मी माझं सकाळच्या आकड्याचं कोडं सांगितलं. वहीच दाखवली, तारीखवार. ते हसले नाहीत, नीट वाचली. म्हणाले, “ही साखर तुम्ही खाल्लेली नाहीच. ती तुमच्या लिव्हरनं रात्रभर तयार करून रक्तात सोडलीय.”

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण मला ते कळायला पन्नाशी उजाडावी लागली. लिव्हर म्हणजे शरीराची कणगी. जेवल्यावर जास्तीची साखर ते साठवतं, आणि आपण उपाशी असताना थोडी थोडी करून सोडतं. साठा कमी पडला तर नवीन बनवतं. मेंदूला झोपेतही साखर लागते, म्हणून ही सोय. रक्तात साखर पुरेशी असली की इन्शुलिन लिव्हरला सांगतं, आता बास. निरोगी लिव्हर थांबतं. पण लिव्हरच्या पेशींमध्ये चरबी साचली की इन्शुलिनचा हा निरोप त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. कणगीचं तोंड रात्रभर उघडंच राहतं. म्हणून झोपताना ११८ आणि उठल्यावर १४६.

आणि हे इथं थांबत नाही. निरोप पोचत नाही म्हटल्यावर स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. साखर सोडण्याच्या बाबतीत लिव्हर इन्शुलिनचं ऐकत नाही, पण साखरेपासून चरबी बनवण्याच्या बाबतीत मात्र ऐकत राहतं. म्हणजे इन्शुलिन जितकं जास्त, तितकी लिव्हरमध्ये नवी चरबी. ती वाढली की निरोप आणखी अडतो. त्यातली काही चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपानं रक्तात येते, म्हणून माझं ट्रायग्लिसराइड २४० होतं. मी त्याचा दोष तेलाला देत होतो. आणि हीच चरबी स्वादुपिंडातही जाऊन बसते, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू थकतात. एका बाजूनं फॅटी लिव्हर मधुमेहाला जवळ आणतं, दुसऱ्या बाजूनं मधुमेह झाला की लिव्हरचा आजार वेगानं पुढं सरकतो. टाइप २ मधुमेह असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना फॅटी लिव्हर असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वडिलांच्या १८ वर्षांत त्यांच्या लिव्हरकडं कुणी पाहिलं होतं का, हे आठवत बसलो. आठवलं नाही.

‘ग्रेड वन सगळ्यांनाच असतं’ या वाक्याबद्दलही विचारलं. डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफीत लिव्हर शेजारच्या किडनीपेक्षा जास्त पांढरं, चमकदार दिसलं तर फॅटी म्हणतात. पण लिव्हरमध्ये पाच टक्क्यांहून जास्त चरबी म्हणजे फॅटी लिव्हर, आणि सोनोग्राफीला ती खात्रीनं दिसते २०-३० टक्क्यांच्या पुढं गेल्यावर. म्हणजे कागदावर ‘ग्रेड १’ उमटतं तेव्हा सुरुवात होऊन बराच काळ गेलेला असतो. ‘सगळ्यांनाच असतं’ हे खरं असेलही, पण त्यानं ते किरकोळ होत नाही. मला त्या वाक्याचा आजही राग येतो. २०१८ मध्ये त्या ओळीसोबत एक एचबीएवनसी झाली असती तर माझी पाच वर्षं वाचली असती.

दारू, कावीळ, आधीची औषधं, सगळं विचारून झालं. मी दारूचा थेंब घेत नाही म्हटल्यावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला, याचं मला फार बरं वाटलं. “काढे, गुळवेल वगैरे?” मी गप्प. कोरोनापासून रोज गुळवेलीचा काढा चालू होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं, आणि आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्या वादात पडू नका, पण लिव्हरवर आधीच ओझं असताना तपासणी पूर्ण होईपर्यंत तरी बंद ठेवा. बंद केला.

मग तपासण्या. हेपटायटिस बी आणि सी, दोन्ही नाहीत. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम, एसजीपीटी ८४ आणि एसजीओटी ५८. प्लेटलेट १ लाख ९० हजार. या तीन आकड्यांत वय घालून फिब-४ नावाचा एक आकडा निघतो. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. हिशेबनीस असल्यानं मी तो तिथंच मोबाईलवर काढून पाहिला, १.६३. १.३ च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर दाट. मी मध्ये लटकलेलो. या तपासणीसाठी वेगळं काहीच लागत नाही, नेहमीच्या रक्त तपासणीतलेच आकडे पुरतात. तरी ४९ वर्षांत माझं हे गणित कुणी मांडलं नव्हतं.

मधला आकडा आला म्हणून फायब्रोस्कॅन. तीन तास उपाशी राहायचं. उताणं झोपून उजवा हात डोक्याखाली. बरगड्यांच्या मधे ते यंत्र टेकवतात आणि आतून कुणी टिचकी मारावी तसं टक्, टक् होतं. असे दहा ठोके. दुखत नाही. ठोक्याची लहर लिव्हरमधून किती वेगानं जाते त्यावरून लिव्हर किती कडक झालंय ते कळतं. चरबी साचून सूज येते, सूज टिकली की व्रण पडतात, व्रणांनी लिव्हर कडक होतं, त्याचंच टोक म्हणजे सिरोसिस. माझा कडकपणा आला ८.४ किलोपास्कल, चरबीचा आकडा ३१८. आठच्या खाली असता तर डॉक्टर निश्चिंत झाले असते. “दार नुकतंच उघडलंय. अजून लोटता येईल,” ते म्हणाले. बाहेर बाकावर बसलो तर बायकोनं नुसता हात धरला. ती काही बोलली नाही.

गावी परतल्यावर खरा त्रास वेगळाच झाला. एका लग्नात चुलत्यांनी, तात्यांनी, सगळ्यांसमोर विचारलं, “माळ घालून लिव्हर कसं रे बिघडलं?” आजूबाजूचे हसले. आई रात्री उशिरापर्यंत जागी होती. शेवटी म्हणाली, “तू मला खरं सांग, कधी घेतलीस का?” वडिलांच्या फोटोवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा तिला झोप लागली. म्हणून २०२३ च्या जूनमध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचं नावच बदललं हे कळल्यावर मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. आधीच्या नावात ‘दारूविना’ असा उल्लेख होता, म्हणजे दारूची सावली होतीच. नव्या नावात, मॅसल्डमध्ये, चयापचयाचा बिघाड हेच कारण म्हणून येतं. लिव्हरमधल्या चरबीसोबत पोटाचा घेर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड किंवा कमी एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) यांपैकी एक तरी असलं की तो हा आजार. नावातच लिव्हर आणि मधुमेह एकमेकांशेजारी आले. आईला मी एवढंच सांगितलं, हा साखरेचाच भाऊ आहे. ते तिला पटलं.

औषधाबद्दल माझी अपेक्षा वेगळी होती. लिव्हरचं टॉनिक मिळेल असं वाटलं होतं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं नाही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू ठेवलं, ते लिव्हरची रात्रीची साखर आवरतं, पण चरबी काढत नाही. चरबीवर चालणारी औषधं आहेत, काहींना ती द्यावी लागतात, माझ्यासाठी त्यांनी आधी सहा महिने वजनाला दिले. “तीन ते पाच टक्के वजन उतरलं की चरबी कमी व्हायला लागते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूज उतरते, व्रणही सुधारू शकतात.” म्हणजे माझ्यासाठी सात किलो.

मी विचारलं, जाड नसताना सात किलो काढू कुठून? तेव्हा त्यांनी मला पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांबद्दल सांगितलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांनी १९९३ पासून बाळंतपणांचा अभ्यास केला, आणि आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी पण अंगात चरबी राखून असलेली निघाली. म्हणून आपल्याकडं २३ बीएमआयलाच जास्त वजन म्हणतात, आणि पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईचा ८० च्या आत हवा. हे संशोधन आपल्याच पुण्यात, आपल्याच बायाबाळांवर झालंय, आणि कराडात मला कुणी पोट मोजायला सांगितलं नव्हतं.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांच्या प्रयोगानं मला सगळ्यात जास्त धीर दिला. २०११ मध्ये त्यांनी टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना आठ आठवडे रोज फक्त ६०० कॅलरींवर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात लिव्हरमधली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली. एका आठवड्यात! म्हणजे माझ्या वहीतल्या कोड्याचं उत्तर त्यांनी उलट्या बाजूनं सोडवून दाखवलं होतं.

हे वाचून मी चूक केली. आपणही करून बघू म्हणून न विचारता जेवण एकदम निम्म्यावर आणलं. गावातल्या डॉक्टरांच्या गोळीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड होतं, ते जेवलो नाही तरी इन्शुलिन बाहेर काढतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी नदीच्या घाटावर हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी. शेजारच्या फुगेवाल्यानं पाण्याची बाटली दिली आणि त्याच्या पोराच्या हातातली लिमलेटची गोळी माझ्या तोंडात घातली. घरी येऊन तपासलं तर ६२. गोळी खाऊन वीस मिनिटं झाल्यावर ६२, मग आधी किती असेल? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, ते रागावले आणि ग्लिमेपिराइड बंद केलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना जेवण कमी करायचं तर डॉक्टरांना आधी सांगा, ही कळकळीची विनंती.

त्यानंतर सावकाश घेतलं. चहा दोन वेळा, बिनसाखरेचा. पहिले दहा दिवस डोकं दुखलं, नंतर दुसऱ्याच्या घरचा चहा घशाखाली उतरेना. फळांचे रस बंद, फळ चावून. रसातली साखर, फ्रुक्टोज, बहुतेक सगळी लिव्हरच हाताळतं आणि तिची चरबी चटकन बनते. ताटात आधी मटकी-चवळीची उसळ आणि पालेभाजी, मग एक ज्वारीची भाकरी, भात रविवारी. घरात सगळ्यांना मी आधी तेलाबद्दल बोलायचो. खरा भार भात, बिस्किटं आणि साखरेचा होता. सगळ्यात अवघड गेली एकादशी. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर केळं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घराला चपखल लागू होती. आता त्या दिवशी ताक, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ. आईनं कुरकुर केली नाही, उलट म्हणाली, उपवास असाच असतो.

सकाळी प्रीतिसंगमावर ४० मिनिटं भराभर चालणं आणि रात्री जेवणानंतर १५ मिनिटं. कृष्णा-कोयनेचा तो घाट आम्ही पाहुण्यांना दाखवायला नेतो, मी ४९ वर्षांत तिथं कधी नेमानं गेलो नव्हतो. शिवाय बैठका, दहापासून सुरू केल्या, आता साठ होतात. मांडीचे स्नायू मोठे, ते काम करतात तेव्हा रक्तातली साखर उचलायला त्यांना इन्शुलिनची फारशी गरज पडत नाही. जेवढी ते उचलतात तेवढी लिव्हरच्या वाट्याला कमी येते.

पाचव्या आठवड्यात, वजन साडेतीन किलो उतरलेलं असताना, एका सकाळी आकडा आला १०९. रात्रीचा होता ११२. चाल पहिल्यांदाच उलटली होती. मी बायकोला उठवलं. तिनं आकडा बघितला आणि म्हणाली, “थांबा, पुन्हा तपासा.” पुन्हा १०८.

पुढचं सरळ गेलं नाही. दिवाळीत दोन किलो परत आले, जानेवारीत गुडघा दुखला म्हणून चालणं तीन आठवडे बंद. पण जुलै २०२४ मध्ये वजन ६४, घेर ८७. एसजीपीटी ३१, एसजीओटी २९, फिब-४ १.२७. फायब्रोस्कॅन ५.९, चरबी २४१. एचबीएवनसी ५.९, मेटफॉर्मिनचा डोस निम्मा. मधुमेह गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. औषध बंद करून तीन महिने ६.५ च्या खाली राहिलो तर तसं म्हणता येईल, आणि ते कदाचित होणारही नाही, कारण पाच वर्षांत स्वादुपिंडाचं किती नुकसान झालंय ते सांगता येत नाही. डोळे, किडनी आणि हृदयाची तपासणी दरवर्षी आहेच. फॅटी लिव्हरवाल्यांना सगळ्यात मोठा धोका हृदयाचा असतो, हेही मला उशिरा कळलं.

त्याच महिन्यात धाकट्या भावाच्या ऑफिसात आरोग्य तपासणी झाली. त्यानं सहज फोनवर सांगितलं, “सगळं ठीक आहे दादा, फक्त ग्रेड वन फॅटी लिव्हर, ते काय सगळ्यांनाच असतं.” मी त्याला त्याच दिवशी लॅबला पाठवलं. एचबीएवनसी ६.१ आली. उंबरठ्यावर. त्याला मधुमेह अजून झालेला नाही.

आता तो उंब्रजहून रोज सकाळी सहाला गाडी घेऊन घाटावर येतो. पहिल्या दिवशी त्याचा घेर मी मोजला, ९९. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव टाकून खाली तारीख घातलीय.